आजीचा साज, खणाची साडी आणि उरलेले पैसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: माहेर कोल्हापूर, सध्या राहणं पुण्यात. यंदा गौरी-गणपतीला माहेरी यायचंय, आणि मार्गशीर्षात धाकट्या भावाचं लग्न. आजीचा साज, म्हणजे सोन्याची पानं आणि मणी ओवलेला कोल्हापुरी गळ्यातला दागिना, आईनं दिलाय, पण तो तुटून सगळी पानं-मणी डबीत सुटे पडलेत. दुसरीकडं एक ग्राम सोन्याचा सेट ऑनलाइन बघून ठेवलाय. ठुशी, चिंचपेटी, साज, मोहनमाळ, नथ, बुगडी, कंबरपट्टा, सगळं एकाच डब्यात. गौरीला खणाची साडी, लग्नात नऊवारी पैठणी. सेट घेऊ, की साज दुरुस्त करू? शिवाय मिस्टरांसाठी फेटा आणि कोल्हापुरी चप्पल कुठली बघू?

ताई, सेट घेऊ नका. आधी ती डबी उघडा.

मी सोनार नाही, हे आधीच सांगते. मी दागिना घडवत नाही, गाठवते. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सासऱ्यांच्या हाताखाली दोरा ओढायला बसले त्याला तीस वर्षं होत आली. सोनार मणी करतो, पानं करतो, खडे बसवणारा वेगळा. पण तो सगळा ऐवज गळ्यात घालण्याजोगा होतो तो पटवेकऱ्याच्या, म्हणजे दागिना दोऱ्यात ओवून गाठवणाऱ्याच्या, दोऱ्यावर. तुम्ही दागिना काचेतून, पुढून बघता. आमच्याकडं तो पाठीमागून, तुटून, रुमालात बांधून येतो. म्हणून माझं उत्तर जरा दोऱ्याच्या बाजूनं झुकलेलं असणार, ते चालवून घ्या.

एका मोठ्या ताटात जुना टॉवेल अंथरा आणि डबी त्यावर उपडी करा. फरशीवर नको. जवमणी फरशीवर सुटला की थेट कपाटाखाली जातो, आणि मग पुढच्या दिवाळीच्या साफसफाईलाच सापडतो. आता पानं मोजा. पूर्ण साजात 21 पानं धरतात: दशावतारांची 10, अष्टमंगलाची 8, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक ताईत. मासा, कासव, शंख, चंद्र, कमळ, नाग, भुंगा, वाघनख, कारलं, बेलपान अशी नावं जुन्या बायका धडाधड सांगायच्या. दोन पानांच्या मधे येतात ते जवाच्या दाण्यासारखे लांबट मणी, म्हणून जवमणी. हल्ली नव्या साजात अकरा-बाराच पानं घालतात, वजन आटोक्यात राहतं.

तुमच्या डबीत 21 भरली नाहीत तर लगेच कुणावर संशय घेऊ नका. अडीनडीला साजातलं एखादंच पान मोडायची पद्धत होती. एक गेलं की दुसऱ्या बाजूचं त्याच्या जोडीचं पानही काढून ठेवायचे, साज एका अंगाला झुकू नये म्हणून. असे 19 पानांचे साज माझ्या हातून बरेच गेलेत. एका घरात तर या दोन पानांवरून दोन जावांत वर्षभर बोलणं नव्हतं. शेवटी सासूबाईंच्या देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याखाली एक पान सापडलं. दुसरं बी-बियाण्यासाठी मोडल्याचं थोरल्या दिरांना आठवलं.

मोजून झालं की एकेक पान कानाशी धरून हलकेच हलवा. पान वरून सोन्याच्या पत्र्याचं आणि आतून लाखेनं भरलेलं असतं. आवाज नाही आला तर लाख घट्ट आहे. आत खुळखुळ वाजलं तर लाख सुटलीय; असं पान दोऱ्यात गेलं की कुठंतरी दाबून चेपणार. ती पानं वेगळी ठेवा, आधी सोनाराकडं लाख भरून घ्यायची, मग माझ्याकडं.

आणि कृपा करून साज गरम पाण्यात घालू नका! दर गौरीच्या आधी एकतरी बोरमाळ, म्हणजे बोरासारख्या सोन्याच्या मण्यांची माळ, अशी येतेच. परवाच्या वर्षी एका नव्या सुनेनं हौसेनं रिठ्याच्या पाण्यात बोरमाळ उकळली. मोबाइलवर बघितलं होतं म्हणे. बोरमाळेचे मणीही आतून लाखेचेच. लाख पातळ होऊन भोकांतून बाहेर आली, दोरा चिकटला, आणि मणी असे पोकळ झाले की बोटानं दाबले तर बसावेत. बिचारी पोर माझ्यासमोर रडली. सोनारानं लाख परत भरून दिली, पण सात मणी चेपले ते चेपलेच. लाखेचा दागिना कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ कापडानं पुसायचा, कोरड्या कापडानं टिपायचा. त्यापुढं काही करायचं नाही.

आता आई कदाचित म्हणत असेल, 'जुनं मोडून नवा हलका साज करू.' मोड देताना हे लक्षात ठेवा की तराजूवर जे वजन दिसतं त्यात लाख, दोरा, खडे सगळं धरलेलं असतं. सोनं गाळलं की लाख जळून जाते, आणि उरतं त्यातून घट, म्हणजे गाळण्यातली तूट, वजा करतात. म्हणजे डबीचं वजन आणि हातात येणाऱ्या सोन्याचं वजन यात चांगलंच अंतर पडतं. यात कुणी फसवतंय असं नाही, साजाची जातच तशी आहे. वर नव्या साजाची घडणावळ लागते, आणि साजाची घडणावळ साध्या चेनपेक्षा जास्तच असणार, एकेक पान हातचं काम आहे. शिवाय नव्या साच्यातल्या माशाला आजीच्या माशासारखे खवले नसतात. माझं मत विचाराल तर मोडू नका. पण साज तुमचा आहे.

मोडून नवा केलाच, किंवा पुढं कधी सोन्यात काही घेतलं, तर पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. 1 एप्रिल 2023 पासून दुकानदाराला हॉलमार्कचा दागिना एचयूआयडीसह, म्हणजे त्या दागिन्याच्या सहा अक्षर-आकड्यांच्या ओळख क्रमांकासह, विकावा लागतो. तो नंबर सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून तिथंच काउंटरवर बघा, त्यात लाजायचं काय? 22 कॅरेट असेल तर 916 चा शिक्का. आजीच्या साजावर यातलं काही नसणार, म्हणून तो खोटा ठरत नाही. ती अट विकणाऱ्या दुकानाला आहे. घरातलं जुनं सोनं तुम्हाला ठेवताही येतं, देताही येतं. कस लावून भाव ठरतो.

आणखी एक. साज कुणाकडंही द्या, अगदी माझ्याकडंही, देण्याआधी फोटो काढा, पानं मोजा, समोर वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्या. माझ्याच माहेरची एक पाटली एका ओळखीच्या दुकानात पॉलिशला दिली होती. ओळखीचे म्हणून वजन केलं नाही. परत आली ती हाताला हलकी लागली, आणि वाद घालायला माझ्याकडं आकडाच नव्हता. तेव्हापासून मी सख्ख्या बहिणीचा दागिनाही काट्यावर ठेवल्याशिवाय हातात घेत नाही. ती चिडते.

आता गाठवण्याचं. साज किती लांब हवा, हे साज ठरवत नाही, ब्लाऊज ठरवतो. म्हणून येताना लग्नातला ब्लाऊज घेऊन या, निदान त्याच्या गळ्याचं माप तरी. मी काय करते ते सांगते: ब्लाऊज घालून बाईला ताठ बसवायचं, मानेभोवती दोरा धरायचा, दोन बोटं आत जातील एवढा सैल. ती झाली ठुशीची किंवा चिंचपेटीची जागा. तिथून चार बोटं खाली साजाची वरची पानं यायला हवीत. साजाच्या तळापासून पुन्हा चार बोटं सोडून मोहनमाळ किंवा पुतळ्यांची माळ. ही चार-चार बोटांची मोकळी जागा सोडली नाही तर मग कितीही तोळे घाला, लांबून नुसता पिवळा पट्टा दिसतो. सासरे म्हणायचे, दागिन्याला श्वास घेऊ दे. मला ते तेव्हा फार नाटकी वाटायचं. आता मीच गिऱ्हाइकाला तेच सांगते.

दोरा रेशमाचा, मेण लावलेला, दुहेरी. नायलॉन मजबूत असतो, पण पानाच्या कडीची धार त्याला आतल्या आत खात जाते, आणि बाहेरून काही कळत नाही. हा धडा मी फुकट शिकले नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एकीची मोहनमाळ मी घाईत एकेरी नायलॉनवर गाठवून दिली. ऐन अक्षतांच्या वेळी ती तुटली. निरोप आला तशी मी कार्यालयात गेले आणि गालिच्यावरच्या तांदळांतून तासभर मणी वेचत बसले. अक्षता आणि मणी, दोन्ही पिवळे! शेवटी चार मणी कमी भरले, ते मी पदरचे घालून दिले. रोज वापरातला दागिना वर्षा-दीड वर्षानं, आणि सणावारीच निघणारा चार-पाच वर्षांनी परत गाठवून घ्यावा. दोरा काळपट पडला, किंवा दोन मण्यांच्या मधे दोरा दिसायला लागला, की वाट बघायची नाही.

पैठणीच्या बाबतीत मात्र एक तपासणी घरीच करा. साजाच्या प्रत्येक पानाची मागची बाजू जुन्या रेशमी ओढणीवरून फिरवा. कुठं अडकलं तर तिथं डाग दिलेल्या, म्हणजे सोनं जोडलेल्या, जागी बारीक टोक वर आलंय. सोनार दोन मिनिटांत घासून देतो. नाहीतर ते टोक पैठणीच्या जरीत शिरतं, आणि मग तुम्ही साज सोडवता की पदर, असं होऊन बसतं. साज नेहमी पदर खांद्याला पिन करून झाल्यावर, सगळ्यात शेवटी घालायचा. आधी घातला तर अर्धी पानं पदराखाली जातात.

आता तुमचा तो ऑनलाइन सेट. 'एक ग्राम सोनं' हे नाव आहे, माप नव्हे. आत पितळ किंवा तांबं, वर सोन्याचा पातळ मुलामा. वाईट काहीच नाही, आमच्या महाद्वार रोडवर सणाच्या आधी पाय ठेवायला जागा नसते ती याच दागिन्यांमुळं. चोरीची भीती नाही, प्रवासात जीव टांगणीला नाही. पण सेट म्हणून घेतलं की त्यातल्या निम्म्या वस्तू डब्यातच म्हाताऱ्या होतात. त्यातला साज तर नकोच. छापाची पानं इतकी बोथट असतात की मासा कुठला आणि शंख कुठला ते ओळखू येत नाही. आजीच्या साजाशेजारी तो ठेवून बघा, मला सांगावं लागणार नाही.

एक ग्राममध्ये घ्यायची असेल तर ठुशी घ्या. बारीक गोल मणी ठासून भरलेले, त्यात कोरीव काम नाही, म्हणून मुलाम्याचीही छान दिसते. मागं सरकता गोंडा हवा, कडी-आकडा नको. गोंड्यानं ठुशी गळ्याला हवी तशी बसवता येते. मागून उलटी करून बघा: मण्यांच्या रांगा सरळ आहेत का, दोरा मध्येच फुगलाय का. रंग फार भडक लिंबासारखा असेल तर ठेवून द्या, जरा मातकट पिवळा असेल तो जुन्या सोन्याशी जमतो. तुमच्याकडं खरा साज आहे, तर रंग जुळवणं हेच मुख्य. त्यासाठी साजाचं एक पान पर्समध्ये घेऊन दुकानात जा आणि दारातल्या उजेडात ठुशीशेजारी धरा. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच सोनं दिसतं.

चिंचपेटी मोत्यांची असते. ठुशी असताना तीही घालायची म्हणजे एका गळ्यात दोन मालकिणी. दोन्हीतली एकच. कंबरपट्टा नऊवारीवर शोभतो, पण लग्न भावाचं आहे. करवली दिवसभर पळणार, वाकणार. भाड्यानं मिळतो, एका दिवसासाठी भाड्यानं घ्या.

नथीवर मात्र पैसे खर्च करा. चेहऱ्याच्या मधोमध बसणारी वस्तू आहे, तिथं खोटं मोती लगेच दिसतं. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ घ्या, पण विकत घेताना लावून निदान पाच मिनिटं दुकानात बसा आणि चहा प्या. चहा पिताना नथ ओठाला लागली तर ती तुमच्यासाठी मोठी आहे, लग्नाच्या पंगतीत तुम्ही जेवूच शकणार नाही. दाब घट्ट असेल तर दुकानदाराकडूनच सैल करून घ्या, घरी ओढलात तर तार मोडते. बुगडी कानाच्या वरच्या पाळीला, तीही दाबाची मिळते. केस वर बांधून खोपा किंवा अंबाडा घालणार असाल तरच घ्या, मोकळ्या केसांत ती कुणाला दिसत नाही.

गौरीच्या दिवसाचा हिशोब वेगळा. कोल्हापुरात गौर आली, तिच्यामागून शंकरोबा, म्हणजे महादेव, आला, की रात्री झिम्मा-फुगडी आलीच. फुगडीत साज घालू नका हो. गरगर फिरताना पानं हनुवटीवर आपटतात, आणि समोरचीच्या बांगडीत अडकला तर दोघींची फुगडी थांबते ती रडून. त्या दिवशी खणाची साडी, ठुशी, नथ, हातभर हिरव्या बांगड्या, संपलं. खण मुळात बारीक नक्षीचं कापड. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण असेल तर त्याच्या काठातच एवढं काम असतं की वर साज घातला तर नक्षीवर नक्षी होते. साज उठतो तो साध्या रेशमावर. तुमच्या पैठणीचं अंग बुट्ट्यांनी गच्च भरलेलं असेल, तर तिथंही ब्लाऊज साधा शिवा, काठ फक्त बाहीला. आणि हो, खण पहिल्या धुण्याला रंग सोडतो, तेव्हा तो वेगळा धुवा. शिवायच्या आधी पाण्यातून काढलात तर आणखी चांगलं.

ब्लाऊजचा गळा बंद किंवा बोटनेक असेल तर ठुशी विसरा, ती कापडावर चढून बसते.

बांगड्या कासाराकडं जाऊनच भरा. ऑनलाइन मापात गोंधळ होतो. 2.4 म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश नव्हे, दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच. 2.6 म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश. लोक हे दशांश समजून सोन्याच्या पाटल्यासुद्धा चुकीच्या मापाच्या मागवतात. पैंजण-जोडवी चांदीची हवी असतील तर हुपरीचा माल बघा. हातकणंगले तालुक्यातलं हे गावच चांदीवर जगतं.

मिस्टरांचं थोडक्यात. फेट्याचं कापड साधारण आठ मीटर लांब, एक मीटर रुंद. तयार टोपीसारखा शिवलेला फेटा घेऊ नका, फोटोत तो लगेच कळतो. लग्नात बांधणारा बोलावलेला असतोच, त्याच्याकडून बांधून घ्या. शेमला, म्हणजे फेट्याचं मागं सोडलेलं टोक, पाठीवर पुरेसा लांब सोडायला सांगा. केस नुकतेच कापले असतील तर फेटा घसरतो, म्हणून कटिंग आठवडाभर आधी.

कोल्हापुरी चप्पल आमच्या चप्पल लाइनमधूनच, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रस्त्यावरूनच घ्या, आणि लग्नाच्या आठवड्यात नको, गौरीला याल तेव्हाच. नवी कोल्हापुरी चावते, हे कुणी नाकारत नाही. रोज तासभर घरात घालायची, आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, पंधरा दिवसांत ती पायाची होते. पावसात घालायची नाही. गौरी-गणपती म्हणजे भर पावसाचे दिवस, म्हणजे त्या सणात ती चप्पल फक्त घरात चालवा. तुम्हालाही नऊवारीवर तीच लागेल, काष्ट्यामुळं घोटा उघडा राहतो आणि पाऊल सगळ्यांना दिसतं. तिथं उंच टाचेची सँडल घातलीत तर चाल बिघडते. 2019 मध्ये या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता, आणि आरडाओरडा झाल्यावर मग कबूल केलं. आमच्या चप्पल लाइनमध्ये त्या आठवड्यात जो तो छाती फुगवून फिरत होता. चप्पल मात्र त्याच जुन्या हातानं शिवली जात होती.

एक ग्रामच्या वस्तू जपायच्या तर अत्तर, स्प्रे, पावडर सगळं आधी, दागिना शेवटी. काढल्या की घाम पुसून, कापसात गुंडाळून, बंद पिशवीत. खऱ्या साजाच्या डब्यात त्या ठेवू नका, घासून दोन्हींची वाट लागते.

माझ्याकडं यायचं असेल तर गौरीच्या आठवड्यात नको, तेव्हा मला जेवायलाही फुरसत नसते. नवरात्रही तसंच. अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात, आणि बघून आलेल्या बायका 'मलाही तशीच ठुशी लांब करून दे' म्हणून रांग लावतात. दसरा झाला की या. ब्लाऊज, ठुशी आणि सगळे सुटे मणी घेऊन या, चेपलेले आणि फुटलेलेसुद्धा. आजीनं गाठवलेला जुना दोरा डबीत असेल तर तो टाकू नका. त्यावरच्या गाठींवरून मला कळतं की पानं कुठल्या क्रमानं होती.